दरड कोसळल्यावर नव्हे, त्याआधी: गाव हलवायचा निर्णय आपल्या हातात कसा राहील?

जुलै महिना लागला की कोकणातल्या घराघरात एकच विषय असतो. रात्री पाऊस वाढला की मुंबईतला मुलगा गावी फोन करतो, "अब्बा, नदी कुठपर्यंत आली?" कुवेतमधला भाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर पुराचे व्हिडिओ बघत जागा राहतो. २२ जुलै २०२१ ही तारीख महाड आणि चिपळूणचा माणूस विसरणार नाही. त्या दिवशी महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. ते पाणी सावित्रीतून महाडात उतरलं. तिकडे वाशिष्ठीनं चिपळूणची बाजारपेठ गिळली. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीयेवर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली.

त्यानंतर मदत भरपूर झाली. मशिदींतून, मदरशांतून, जमातींच्या तरुणांकडून अन्नाची पाकिटं निघाली, चिखल उपसला गेला, चादरी आणि भांडी वाटली गेली. त्यात कोणी हिंदू-मुस्लिम बघितलं नाही. याचा अभिमान वाटायलाच हवा. पण मदतीचा टेम्पो परत गेल्यावर एक प्रश्न तसाच उरतो आणि त्यावर आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही. जिथे दर काही वर्षांनी हेच होणार आहे, तिथे राहायचं का? नाही राहायचं, तर जायचं कुठे, कोणाबरोबर, कधी, आणि हे ठरवणार कोण?

या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं: गाव हलवायची वेळ येणार असेल तर तो निर्णय दुर्घटनेआधी, कोरड्या दिवसांत, गावानं आणि जमातीनं एकत्र बसून घ्यायला हवा. दुर्घटनेनंतर निर्णय होतोच, पण तो आपल्या हातात राहत नाही.

पाऊस तोच नाही

"पूर काय पहिल्यांदा आला का? आमच्या आजोबांनीही बघितलाय," असं जुनी मंडळी म्हणतात. खरंच आहे. महाड आणि चिपळूण ही नदीकाठची बंदरं, पाणी तिथे नेहमीच येत होतं. लोक ओटे उंच बांधायचे, माळ्यावर धान्य ठेवायचे आणि पाणी उतरलं की पुन्हा दुकान उघडायचे.

पण हिशोब बदलला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्या. अरबी समुद्र तापतोय आणि वाऱ्यांबरोबर जास्त बाष्प येतंय. महिनाभराचा पाऊस दोन-तीन दिवसांत पडतो. डोंगराच्या मातीला तो मुरवायला वेळ मिळत नाही, माती जड होते आणि खडकावरून घसरते. वर झाडं तोडलेली, रस्त्यासाठी उतार कापलेला, पायथ्याशी नवी घरं. मग संकट आणखी जवळ येतं. समुद्राकडूनही तेच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागातल्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीची बाग पुन्हा उभी राहायला किती वर्षं लागतात, हे वाडीवाल्याला सांगायची गरज नाही.

म्हणून "आजोबांच्या वेळी पाणी इथपर्यंतच आलं होतं" ही खूण आता पुरेशी नाही.

तीन गावांनी काय शिकवलं

महाराष्ट्रात दरडीनंतर गाव हलवण्याची तीन मोठी उदाहरणं आपल्या डोळ्यांसमोर घडली आहेत.

पहिलं माळीण. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातलं हे गाव. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ माणसं दगावली. नवं गाव जवळच आमडे इथे वसवलं. एप्रिल २०१७ मध्ये ६७ घरांच्या चाव्या दिल्या. पक्की घरं, रस्ते, शाळा, सगळं होतं. पण त्याच वर्षीच्या जूनमधल्या पहिल्याच मोठ्या पावसात नव्या गावातले भराव आणि रस्ते खचले आणि लोक पुन्हा घाबरले. डोंगराची भीती म्हणून जागा सोडलेल्या माणसांना नव्या जागेतही रात्र जागून काढावी लागली. धडा असा, की नवी जागा मोकळी आहे, सरकारी आहे, रस्त्याला लागून आहे एवढ्यावर भागत नाही. तिथली माती, उतार आणि पाण्याची वाट आधी तपासावी लागते आणि किमान एक पावसाळा ती जागा बघावी लागते.

दुसरं तळीये. २०२१ ची घटना. घरं बांधण्याचं काम म्हाडाकडे दिलं गेलं. तोवर वाचलेल्या कुटुंबांना कंटेनरच्या घरांत ठेवलं. तात्पुरती म्हणून दिलेली ही घरं उन्हाळ्यात भट्टीसारखी तापतात. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. जुलै २०२३ मध्ये त्याच जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हाही तळीयेची माणसं कंटेनरमध्येच होती.

तिसरं इर्शाळवाडी. इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकर समाजाची वाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री लोक झोपेत असताना दरड आली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं शेवटपर्यंत सापडली नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता, बचाव पथकाला चिखलातून पायी चढावं लागलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ही वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती, असं सरकारनंच विधिमंडळात सांगितलं. म्हणजे यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. पुढे सिडकोनं चौकजवळ मानिवली इथे घरं बांधली.

या तिघांच्याही आधीचं एक उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी आल्या. दीडशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर दासगावच्या दरडग्रस्त कुटुंबांनी पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं काढली. तिथे मुलं मोठी झाली, लग्नं झाली.

चारही ठिकाणी क्रम सारखाच आहे. आधी मृत्यू, मग घोषणा, मग जागेचा शोध, मग निविदा, मग वाट बघणं. जी वर्षं वाट बघण्यात जातात, ती दुर्घटनेच्या आधी वापरता आली असती.

धरणग्रस्ताला कायदा, दरडग्रस्ताला काय?

इथे एक गोष्ट समजून घेणं गरजेची आहे. धरणासाठी किंवा रस्त्यासाठी जमीन गेली तर माणूस 'प्रकल्पग्रस्त' होतो. त्याच्यासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा पुनर्वसन कायदा आहे, केंद्राचा २०१३ चा भूसंपादन आणि पुनर्वसन कायदा आहे. मोबदला किती, नवं गावठाण कसं, तिथे कोणत्या नागरी सुविधा हव्यात, हे त्यात लिहिलेलं आहे. काही चुकलं तर कोर्टात जाता येतं.

दरड किंवा पुरामुळे गाव सोडावं लागणाऱ्या माणसासाठी असा स्वतंत्र हक्काचा कायदा नाही. त्याच्यासाठी आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ आहे. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे, आराखडा आहे, बचाव आणि मदत आहे. पण "मला सुरक्षित ठिकाणी, माझ्या शेजाऱ्यांसोबत, अमुक इतक्या मुदतीत वसवा" असं हक्कानं मागता येईल असं कलम त्यात सापडत नाही. जे मिळतं ते सरकारी निर्णयातून, घोषणेतून किंवा एखाद्या संस्थेच्या देणगीतून. म्हणजे कोणत्या गावाला किती मिळेल, हे बातमी किती मोठी झाली त्यावर ठरतं.

दिल्लीत थोडी हालचाल झाली आहे. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी, नदी आणि समुद्राच्या धुपीमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी १००० कोटी रुपये वेगळे सुचवले. सरकारी पैशाच्या हिशोबात अशा विस्थापितांचं वेगळं खातं उघडणं ही मोठी गोष्ट होती. पण हा पैसा आपोआप गावात येत नाही. राज्यानं प्रस्ताव करायचा, जिल्ह्यानं माहिती द्यायची आणि गावानं ठराव करायचा. ज्या गावाचा ठरावच नाही, त्याची फाईल तयार होणार कशी?

प्रत्येकानं गाव सोडायचं का?

नाही. स्थलांतराचा विषय काढला की लोक घाबरतात, कारण त्यांना वाटतं उद्याच बिस्तरा बांधायला सांगतील. खरं तर तीन वेगवेगळे प्रश्न आहेत.

काही ठिकाणी राहूनच बचाव होतो. चिपळूणच्या पेठमाप, गोवळकोटसारख्या किंवा महाडच्या जुन्या बाजारपेठेसारख्या वस्तीत खालचा मजला राहण्यासाठी न वापरणं, मीटर आणि फ्रीज वर घेणं, दुकानाचा माल उंचावर ठेवणं, नदीतला गाळ वेळेवर काढून घेणं, आणि पूर सूचनेचा भोंगा वेळेत वाजणं यानं जीव वाचतो, नुकसान कमी होतं. चिपळूणला निळ्या आणि लाल पूररेषेवरून मोठा वाद झाला. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शहराचा मोठा भाग रेषेच्या आत आल्यानं बांधकाम अडलं आणि लोक चिडले. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण रेषेवर आक्षेप घेताना "रेषा पुसा" एवढीच मागणी करून चालणार नाही. पाणी रेषा बघून येत नाही.

काही ठिकाणी गावातल्या गावात सरकावं लागतं. खाडीच्या तोंडावरची पाच-दहा घरं किंवा उताराखालची एखादी आळी त्याच गावाच्या हद्दीत वर घ्यायची. मशीद तीच, शाळा तीच, रेशनचं दुकान तेच. यासाठी गावठाण विस्ताराचा ठराव लागतो. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी त्रासाचं काम आहे, आणि ते फक्त दुर्घटनेआधीच जमतं.

आणि काही थोड्या ठिकाणी पूर्ण वाडी हलवण्यावाचून इलाज नसतो. जिथे डोंगराला वर भेगा पडल्या आहेत, विहिरीचं पाणी अचानक गढूळ होतं, झाडं आणि विजेचे खांब कलतात, जिथे पूर्वी नव्हते तिथे झरे फुटतात, तिथे भावनेपेक्षा भूगर्भशास्त्रज्ञाचं ऐकावं लागेल.

आपली वाडी या तिघांपैकी कुठे बसते, हे आधी ठरवणं म्हणजेच नियोजनाची सुरुवात.

घर मिळालं, वस्ती हरवली

बाहेरच्या जगात काय झालं ते बघू. मालदीवमध्ये रा अटोलमधलं कंधोळुधू हे छोटंसं, दाटीवाटीचं बेट २००४ च्या त्सुनामीत राहण्याजोगं उरलं नाही. तिथली हजारो माणसं आजूबाजूच्या बेटांवर विखुरली आणि चार-पाच वर्षं तात्पुरत्या निवाऱ्यात राहिली. शेवटी जवळच्या धुवाफारू या निर्मनुष्य बेटावर रेडक्रॉसच्या मदतीनं सुमारे ६०० घरं बांधून २००९ च्या सुमाराला तिथे नवी वस्ती उभी राहिली. उशीर झाला, पण बेटाची माणसं एकत्र राहिली. शेजारी शेजाऱ्यापासून तुटला नाही. मासेमारी करणारा माणूस समुद्राजवळच राहिला.

बांगलादेशात दुसरं चित्र दिसतं. १९९१ च्या चक्रीवादळानंतर कुतुबदिया बेट आणि किनाऱ्यावरून आलेली कुटुंबं कॉक्स बाजार शहराच्या काठावर वस्ती करून राहिली होती. त्यांच्यासाठी सरकारनं खुरुशकुल इथे पाच मजली इमारतींचा मोठा प्रकल्प हाती घेतला. २०२० मध्ये पहिल्या ६०० कुटुंबांना फ्लॅट मिळाले. पक्कं छप्पर मिळालं, हे मान्य करायलाच हवं. पण सुकी मासळी करणाऱ्या आणि होडीवर जगणाऱ्या माणसाला बंद फ्लॅटमध्ये जाळं कुठे ठेवायचं, मासळी कुठे वाळवायची, हा प्रश्न पडतो. शिवाय ज्या जागेवरून त्यांना हलवलं, ती विमानतळाच्या विस्तारासाठी हवी होती. म्हणजे हवामानाचं कारण आणि जमिनीची गरज, दोन्ही एकत्र आले.

आपल्या लोकांच्या मनातली भीती नेमकी हीच असते. "धोका आहे म्हणून उठवतील, आणि मग जागा दुसऱ्याच्या घशात जाईल." समाजमाध्यमांवर ही भीती वाढवून सांगणारेही खूप आहेत. पण ती सगळी खोटी आहे असं म्हणून उडवून देणंही बरोबर नाही. म्हणूनच गाव हलवण्याच्या ठरावात एक अट आधी लिहून घ्यायला हवी: घरं हलली तरी जुनी शेती, वाडी, बाग यांची मालकी आहे त्याच माणसाची राहील. रिकाम्या झालेल्या गावठाणावर पुन्हा राहती घरं उभी राहणार नाहीत, आणि ती जागा हॉटेल-रिसॉर्टवाल्याकडेही जाणार नाही. धोका खरा असेल तर तो सगळ्यांसाठी खरा असतो.

मशीद आणि कब्रस्तान आराखड्यात पहिल्या दिवसापासून

३० जुलै २०२४ ला केरळच्या वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं रात्रीतून वाहून गेली. अडीचशेहून जास्त माणसं मेली. त्यात हिंदू होते, मुस्लिम होते, ख्रिस्ती होते, चहामळ्यातले मजूर होते. अनेकांची ओळखच पटेना. पुथुमला इथे त्यांचं एकत्र दफन झालं. सगळ्या धर्मांच्या प्रार्थना झाल्या आणि कबरींवर नावाऐवजी डीएनए नमुन्याचे नंबर लावले गेले. विशेष म्हणजे पुथुमला हे स्वतः ऑगस्ट २०१९ च्या दरडीत उद्ध्वस्त झालेलं गाव. पुढे वाचलेल्यांसाठी कलपेट्टाजवळच्या एका चहामळ्याच्या जागेवर सरकारनं टाउनशिपचं काम सुरू केलं. तिथे प्रत्येक घराला सात सेंट जमीन आणि सुमारे १००० चौरस फुटांचं घर असा आराखडा आहे. समाजाच्या संघटनाही घरं बांधायला पुढे आल्या.

आपल्यासाठी यातली शिकवण अशी, की कब्रस्तान हा शेवटी बघायचा विषय नाही. पुनर्वसनाच्या नकाशात घरांचे प्लॉट, रस्ते, पाण्याची टाकी, शाळा पहिल्या दिवशी काढतात. मशिदीची जागा आणि दफनभूमी मात्र "नंतर बघू" म्हणून राहून जाते. नंतर ती मागायला गेलं की तीच मागणी वादाचा विषय होते. प्रकल्पग्रस्तांच्या नव्या गावठाणाच्या सुविधांत स्मशान आणि दफनभूमी धरलेली असते. तीच मागणी दरडग्रस्तांसाठीही पहिल्याच नकाशात, लेखी स्वरूपात करावी. आणि हे एकट्या आपल्यासाठी मागू नये. गावात मंदिर असेल, बौद्धवाडीचं विहार असेल, तर सगळ्यांच्या जागा एकाच पत्रात मागाव्यात. एकत्र मागणीला वजन असतं आणि संशयाला जागा राहत नाही.

दुसरी गोष्ट जुन्या मशिदीची आणि कब्रस्तानाची. वस्ती हलली म्हणून वक्फ संपत नाही. वक्फची जमीन विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही. पण कागदावर नोंद नसेल तर ओसाड पडलेल्या जागेवर दहा वर्षांनी कोण काय दावा करेल, सांगता येत नाही. वक्फ मंडळाकडची नोंद, सातबाऱ्यावरचा शेरा, हद्दीची मोजणी आणि जून २०२५ मध्ये सुरू झालेल्या उमीद पोर्टलवरची नोंद, हे सगळं ट्रस्टींनी एकदा तपासून घ्यायलाच हवं. कबरींना वर्षातून दोनदा भेट देता येईल इतका रस्ता खुला राहील, हेही ठरावात लिहावं.

आपलीच अडचण: कागद

सरकारला नावं ठेवणं सोपं आहे. आता आपल्या घरातलं बोलू.

कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांची असेसमेंट आजही आजोबांच्या, पणजोबांच्या नावावर आहे. सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं. त्यातले निम्मे अल्लाहला प्यारे झालेले, चार कुवेत-सौदीत, दोन कराचीला गेलेले, बाकी मुंब्रा, मीरा रोड आणि नालासोपाऱ्यात. एकाच घरात तीन भाऊ तीन चुली मांडून राहतात, पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर एकच. उद्या "घर गेलेल्यांची यादी" तयार होईल तेव्हा तलाठी आणि ग्रामसेवक कागदच बघणार. कागदावर एक घर असेल तर नवं घरही एकच मिळायचा धोका आहे. मग ते कोणाचं? दुर्घटनेच्या दुःखात भावाभावांत भांडण लागायला याहून वेगळं कारण लागत नाही.

बहिणींचा हिस्सा हा त्याहून अवघड विषय. शरियतनं मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे, हे प्रत्येक बयानात ऐकतो. पण वारस नोंदीत बहिणीचं नाव येतं तेव्हा चेहरे बदलतात. नव्या गावात घर देताना ते पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावं, विधवा आणि माहेरी राहणाऱ्या बहिणीचं कुटुंब वेगळं धरावं, अशी मागणी जमातीनंच केली तर सरकारी यंत्रणेलाही ती नाकारणं जड जाईल. आधी मात्र आपण आपल्या घरात ती मान्य केली पाहिजे.

आणि कुलूपबंद घरांचं काय? मालक आखातात, घर गावात बंद. पंचनाम्याच्या दिवशी तिथे कोणी नसेल तर "राहत नाही" असा शेरा पडतो. अशांनी गावात विश्वासाच्या माणसाला रीतसर मुखत्यारपत्र देऊन ठेवावं, घरपट्टी आणि वीजबिल भरत राहावं.

या उन्हाळ्यात जमातीनं करायची पाच कामं

१. जुम्याच्या नमाजनंतर एक बैठक लावा, पण ती फक्त मुस्लिम मोहल्ल्यापुरती ठेवू नका. सरपंच, पोलीस पाटील, शेजारच्या वाड्यांतली जाणती मंडळी आणि बाया यांना बोलवा. २००५ आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं, माती कुठे सरकली, हे गावाच्या नकाशावर सगळ्यांसमोर खुणा करून काढा. बाया आणि गुराखी यांना उताराची आणि झऱ्यांची माहिती जास्त असते.

२. डोंगराला भेगा असतील किंवा उतार सरकत असेल तर ग्रामसभेचा ठराव करून तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे भूवैज्ञानिक पाहणीची मागणी करा. पत्राची पोच घ्या. यादीत गाव आलं नाही तर का नाही आलं, हे माहितीच्या अधिकारात विचारा.

३. नवी जागा लागणार असेल तर ती आताच शोधा. गावातली किंवा पंचक्रोशीतली सरकारी, गायरान किंवा विकत घेता येण्याजोगी जागा कोणती, तिथे पाणी आहे का, पावसात ती कशी दिसते, हे बघा. शेती, खाडी, बाजार आणि शाळेपासून ती किती लांब आहे, ते पायी चालून मोजा.

४. प्रत्येक घराची फाईल करा: असेसमेंट, सातबारा, गाव नमुना ६-क वरची वारस नोंद, रेशनकार्ड, आधार, निकाहनामा, मुलांचे दाखले. त्यांचे फोटो काढून गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवा. २०२१ च्या पुरात ज्यांचे कागद भिजून लगदा झाले, त्यांना विचारा याची किंमत काय असते.

५. जमातीच्या बैतुलमालचा आणि परदेशातल्या मंडळींच्या मदतीचा काही भाग दुर्घटनेआधीच्या कामासाठी ठेवा. मोजणीची फी, अभियंत्याचा सल्ला, वारस नोंदीचा खर्च, गरीब कुटुंबाचं पावसाळ्यातलं चार महिन्यांचं भाडं. पुरानंतर चादर वाटण्यापेक्षा पुराआधी माणूस उंचावर नेणं हे स्वस्त पडतं. जकातीचा पैसा यातल्या कोणत्या कामाला चालतो, ते आपल्या उलेमांना विचारून घ्या. इमदाद आणि सदक्याला तर अडचण नाही.

हिजरतीची आठवण

घर सोडणं आपल्या इतिहासाला नवं नाही. हिजरी सन ज्या घटनेपासून मोजतो, ती एका वस्तीनं दुसऱ्या गावी जाण्याचीच घटना आहे. तिच्यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, जाण्याआधी मदिनेच्या लोकांशी बोलणी झाली होती, करार झाले होते. दुसरी, पोहोचल्यावर मशीद उभी राहिली आणि आलेल्या प्रत्येक मुहाजिराला तिथल्या अन्सारी कुटुंबाशी भावाच्या नात्यानं जोडलं गेलं. आधी नियोजन, मग एकत्र वस्ती, मग यजमान गावाशी नातं. आजच्या पुनर्वसनाच्या सरकारी फाईलमध्ये नेमक्या याच तीन गोष्टी कमी पडतात. ज्या गावाच्या हद्दीत नवी वस्ती होते, त्या गावाला आधी विचारलं जात नाही, आणि मग पाण्यावरून, गायरानावरून वर्षानुवर्षं कुरबुरी चालतात. त्या गावकऱ्यांच्या घरी आधी आपण चहाला गेलं पाहिजे.

तळीयेची माणसं, इर्शाळवाडीची माणसं आपल्यापेक्षा बेसावध होती असं नाही. त्यांच्याकडे निवड करायला वेळ उरला नाही. आपल्याकडे तो अजून आहे. मे महिन्यात आखातातली, मुंबईतली मंडळी लग्नांसाठी गावी येतात. सगळे वारस एका छपराखाली असण्याचे वर्षातले हेच दिवस. या वेळी दावतीनंतर हातपाय धुऊन एक तास बसा, आजोबांच्या नावचा असेसमेंटचा कागद मध्ये ठेवा आणि बोलायला सुरुवात करा.